रिंग रोडचे जावई

माणसाला राहायला गाव लागतं. माझ्या साडूंना नुसता गावाभोवतीचा रस्ता पुरतो. लातूरचा रिंग रोड सरकारने बांधला, त्यावरचं डांबर कंत्राटदाराने ओतलं आणि खड्डे ट्रकवाल्यांनी पाडले, हे सगळं मला मान्य आहे. पण त्या रस्त्याचा अभिमान बाळगण्याचं काम एकट्या साडूंनी अंगावर घेतलेलं आहे आणि त्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मी नांदेडचा. वजिराबादेत माझं चष्म्याचं दुकान आहे. माझी बायको थोरली, साडूंची धाकटी, म्हणजे मी थोरला जावई आणि ते धाकटे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे साडूंविषयी मी जे सांगणार आहे त्यातलं थोडं प्रेमापोटी आहे आणि बरंचसं जळफळाटापोटी.

साडूंचं दुकान स्टीलच्या भांड्यांचं, तेही थेट गोलाईत. ज्यांनी लातूर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोलाई म्हणजे गावाच्या मधोमध निजामाच्या काळापासून असलेली गोल बाजारपेठ. तिच्यातून चहूकडे रस्ते फुटतात, आणि ते गावाबाहेर पडू लागले की त्यांना आडवा येतो तो रिंग रोड. "आमचं गाव कंपासनं काढलेलं हाय, साडूभाऊ," ते मला दर भेटीत सांगतात. "टोक गोलाईत रोवलं अन् पेन्सिल गरकन फिरवली. तुमचं नांदेड नुसतं हातानं काढलेलं." आमच्याकडे गोदावरी आहे, घाट आहेत, गुरुद्वारा आहे, देशभरातून माणसं येतात, असं मी म्हणून बघतो. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग मान हलवून म्हणतात, "हाय की. सगळं हाय. पर रिंग न्हाई." यावरचं उत्तर मला रात्री नांदेडला घरी परतल्यावर सुचतं, पण तेव्हा ते समोर नसतात.

या रस्त्याचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे आणि तो ते न विचारताच सांगतात. पूर्वी बार्शीकडून नांदेडला जाणारा प्रत्येक ट्रक म्हणे गावातून जायचा. बाजाराच्या दिवशी तुरीच्या बैलगाड्या, ट्रक आणि एखादी लग्नाची वरात असं सगळं एकमेकांत अडकून पडायचं, आणि एकदा तर नवरदेवाला ट्रकच्या टपावरून कार्यालयात उतरवून घेतलं होतं. मग ठरलं की रस्ता गावाबाहेरून न्यायचा. साडू तेव्हा शाळेत होते. काळ्या रानातून, उभ्या तुरीतून चुन्याची फक्की मारत माणसं चालली होती आणि हे शाळा बुडवून त्या फक्कीच्या मागे मागे गेले. "लोक हसायले, रानात कशाला रस्ता म्हणून. म्या तवाच म्हनलो, गाव पळत येतंय बगा ह्याच्यामागं." गाव खरंच आलं. आधी गॅरेज आली, मग धाबे, मग मंगल कार्यालयं, मग ट्यूशनच्या पोरांची वसतिगृहं, आणि शेवटी गावाने रस्त्यावरून उडी मारून पलीकडेही घरं बांधली. ही पलीकडची घरं साडूंना मनापासून पटलेली नाहीत. त्यांच्या लेखी लातुरात दोनच जाती आहेत, आतले आणि बाहेरचे. कुणी सोयरीक सांगत आलं तर ते मुलाचं शिक्षण, पगार काही विचारत नाहीत. "पोरगं रिंगच्या आतलं हाय का भायेरचं?" एवढंच विचारतात. स्वतःच्या लग्नाची वरात त्यांनी नव्याकोऱ्या रिंग रोडवरून पूर्ण फिरवली होती. माझी मेहुणी सांगते, "मी माहेर सुटलं म्हणून रडत होते. अर्ध्या रस्त्यात ते रडू संपलं, मग भूक लागली म्हणून रडले."

त्यांच्याबरोबर जेवायला बसणं म्हणजे भूगोलाचा तास. ताटाचा काठ हा रिंग रोड आणि मधली भाकरी ही गोलाई. वरच्या अंगाला अंबाजोगाई रोड, तिथे लोणचं. उजव्या हाताला नांदेड रोड, खाली औसा रोड, डावीकडे बार्शी रोड. मेहुणीही आता तयार झालेली आहे. "औसा रोडला जरा वरण वाढ गं," असं ते म्हणाले की ती बरोबर त्याच जागी वाढते. नांदेड रोडच्या जागेवर मात्र नेहमी कारल्याची भाजी असते. हा योगायोग आहे असं माझी बायको म्हणते. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी ताटांचा जो सेट दिला त्यावर भेट देणाऱ्याचं नाव घालायचं सोडून त्यांनी काठाकाठाने सगळे नाके कोरून घेतले होते. दुकानात नाव घालायला बसणाऱ्या चाचांनी विचारलं म्हणे, "सेठ, नाम किसका डालूं?" तर हे म्हणाले, "रस्त्याचं." आज माझ्या नांदेडच्या घरात मी रोज लातूरमध्ये जेवतो.

लातूरला गेलेला पाहुणा रिंग रोडची चक्कर मारल्याशिवाय परत जाऊ शकत नाही, हा त्यांचा घरचा नियम आहे. एकदा मला नांदेडची बस गाठायची होती. स्टँड घरापासून हाकेच्या अंतरावर, पण साडूंनी स्कूटर विरुद्ध दिशेला काढली. मी घड्याळ दाखवलं, ओरडलो, शेवटी त्यांच्या पाठीत बोट खुपसलं. बस अर्थातच गेली. "जाऊ द्या की ओ, गावातनं जायचीय तिला," असं म्हणत त्यांनी मला तीन नाक्यांचा इतिहास ऐकवला, एका ठिकाणी उसाचा रस पाजला आणि नांदेड रोडच्या नाक्यावर आणून उभं केलं. तोवर बस गावातल्या गर्दीतून घाम पुसत येतच होती. साडूंनी हात केला, बस थांबली आणि मी खिडकीची जागा मिळवून बसलो. खाली उभे राहून ते नुसते हसले, बोलले काहीच नाहीत. ते काही बोलले असते तर मला एवढा राग आला नसता.

आता खरं दुखणं सांगतो. आमचे सासरे, म्हणजे अप्पा, देवणीकडचे. कपाळाला विभूती, हातात काठी, आणि दावणीला जातिवंत देवणी बैल. त्यांना मुलगा नाही, दोन मुलीच. सासूबाई गेल्या आणि अप्पा खेड्यात एकटे पडले, तेव्हा त्यांना कुणाकडे आणायचं हा प्रश्न आला. माझ्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. मी थोरला जावई. शिवाय माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. लग्न ठरलं तेव्हा बायको मिळणार यापेक्षा घरात एक वडीलधारं माणूस मिळणार याचा मला जास्त आनंद झाला होता, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. अप्पांनी माझ्याकडे राहावं, संध्याकाळी मी दुकानातून आल्यावर "आलास का?" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पण अप्पा मला कधी "आलास का" म्हणालेच नाहीत. ते म्हणायचे, "या जावईबापू, बसा." मी आत आलो की ते स्वतः उठून उभे राहायचे, टोपी नीट करायचे, आणि मी खुर्चीच्या टोकावर बसायचो. प्रवास कसा झाला ते विचारायचे, मी ठीक झाला म्हणायचो, आणि आमचं बोलणं तिथेच आटपायचं. आणि साडू आले की? "आरं, ती खुर्ची सरकव थोरल्या जावयांना. अन् मंग जरा माज्या पाठीला तेल लाव." दोघंही जावईच ना? पण एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला पाठ. त्या तेलाच्या वाटीकडे मी किती हेव्याने बघितलं आहे हे माझं मला माहीत.

तरीही मी अप्पांना नांदेडला आणलं. त्यांच्यासाठी हवेशीर खोली काढली, घाटावर फिरायला नेलं, आणि दुकानातली सगळ्यात चांगली काच घालून त्यांना चष्मा करून दिला. तो लावून अप्पांनी रस्त्याकडे पाहिलं, पाट्या वाचल्या, आणि इतके खूश झाले की मला वाटलं, जिंकलो. मग म्हणाले, "लई झाक झालाय चष्मा, जावईबापू. आता लातूरचा रस्ता येकदम साफ दिसंल." त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी चिडून त्यांना स्कूटरवर बसवलं आणि नांदेडभोवती चक्कर मारायला निघालो. एकीकडे आसना नदी आडवी आली, एकीकडे गोदावरी, मग पूल, मग रेल्वेचं फाटक. निघालो तिथे काही परत येता येईना, शेवटी बाजारातून वाट काढत घरी आलो. अप्पा उतरले आणि फार आदबीने म्हणाले, "गाव चांगलं हाय. पर ह्याला बांध न्हाई." आयुष्यभर रोज दिवस मावळताना त्यांनी शेताच्या बांधावरून पूर्ण एक चक्कर मारलेली होती. कुठे काय उगवलं, कुणाचं जनावर शिरलं, ते बघितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मग ते आठ दिवसांसाठी म्हणून लातूरला गेले आणि तिथेच राहिले.

तिथे साडूंनी त्यांना अख्ख्या गावाएवढा बांध दिला. रोज संध्याकाळी दुकान लवकर आवरायचं, अप्पांना स्कूटरवर मागे बसवायचं आणि रिंग रोडची चक्कर. त्यातही एक भानगड झाली, ती मला मेहुणीने सांगितली. अंबाजोगाई रोड ओलांडून पुढे गेलं की उत्तरेच्या अंगाला एक ओढा आहे. गावातलं सांडपाणी तिथून पुलाखालून बाहेर जातं. पहिल्याच दिवशी स्कूटर त्या पुलावर चढणार एवढ्यात अप्पांनी साडूंचा खांदा दाबला. "थांब. हे वलांडू न्हाई." साडूंना कळेना. अप्पा म्हणाले, "गावात सिद्धेश्वर बसलाय का न्हाई? मंग ह्यी त्याचीच परदक्षिना झाली. अन् त्याचं पानी हिथून भायेर पडायलंय. हे सोमसूत्र हाय." महादेवाच्या देवळात पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडायची नसते. तिथवर जायचं, मागे फिरायचं, आणि उलट बाजूने पुन्हा तिथवर यायचं.

मी असतो तर वाद घातला असता. ते गटाराचं पाणी आहे, असं सांगितलं असतं, आणि माझं बरोबर ठरलं असतं. साडूंनी जन्मभर काय मिरवलं होतं? आपल्या गावाची रिंग पूर्ण आहे, कुठेही तुटत नाही, हेच ना? त्या माणसाने एक अक्षर न बोलता स्कूटर वळवली. आल्या वाटेने सगळा रस्ता मागे आले, औसा रोड, नांदेड रोड करत दुसऱ्या बाजूने ओढ्यापर्यंत गेले, आणि तिथून पुन्हा मागे वळून घरी. पेट्रोल दुप्पट, वेळ दुप्पट. त्या दिवसापासून माझ्या साडूंनी स्वतःच्या रिंग रोडची चक्कर एकदाही पुरी केलेली नाही. हे ऐकून मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा तेलाच्या वाटीचाही वाटला नव्हता.

अलीकडे अप्पांना विसरायला होतं. दुपारी जेवलो का ते आठवत नाही, मुलींची नावं एकीची दुसरीला लागतात. नाके मात्र ओळीने म्हणून दाखवतात. अशात साडू दुकानातल्या माळ्यावरून पातेलं काढताना शिडीवरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यांचा मला फोन आला. "साडूभाऊ, या बगा तेवढं. संध्याकाळ झाली की अप्पा चपला घालून दारात बसून राहिलेत. मला तर उठता येईना." माझ्या दुकानाला कुलूप लागायला वेळ लागला नाही. बायकोला मी सांगितलं, साडूंना बघायला चाललोय. पाय मोडल्याचं वाईट मला वाटलंच, पण ते अर्ध्या वाटेवरच्या अहमदपूरपर्यंतच टिकलं.

साडूंनी खाटेवरून मला रस्ता समजावला. मी तो रस्ता त्यांच्या मागे बसून इतक्यांदा पाहिलेला, तरी त्यांनी ताट मागवलं आणि वाट्या मांडल्या. "बार्शी रोडला घाई करू नका. म्होरं एक जुनी बाभळ शिल्लक हाय, तिथं हळू घ्या, अप्पा बगतेत. अन् वढा..." "ओलांडणार नाही," मी म्हणालो. अप्पा माझ्या मागे बसले. त्यांचे दोन्ही हात सीटच्या मागच्या दांडीला धरलेले होते. साडूंच्या मागे बसले की त्यांचा हात साडूंच्या खांद्यावर असतो, हे मी दरवेळी घरातून बघत आलो होतो. आम्ही बार्शी रोड केला, बाभळीपाशी हळू झालो, ओढ्यापर्यंत जाऊन मागे वळलो.  घरावरून पुढे औसा रोड गेला, मग नांदेड रोडचा नाका आला. तिथल्या पाटीवर माझ्या गावाचं नाव आणि बाण. ऊन उतरलं होतं. त्या पाटीच्या पुढे कुठेतरी माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. मी आरशात बघितलं नाही. स्कूटर तेवढी आणखी हळू केली.

ओढ्यापाशी दुसऱ्या बाजूने पोहोचलो तेव्हा खांद्यावरचा हात दाबला गेला. "आरं, वळीव आता. लवकर चल घरला."

"का ओ अप्पा?"

"नांदेडचे जावई येनार हायत म्हने आज. घरी कुनी नसलं तर बरं दिसतंय का?"  अप्पाच पुढे म्हणाले, "त्यांनीच केलेला चष्मा हाय ह्यो. लई जीव लावतेत. पर माज्यासमोर कसं खुर्चीच्या टोकावर बसतेत बग. येवढं मोठं मानूस, म्या काय बोलावं त्यांच्याशी? तुज्यासारखं थोडंच हाय."

"हाव, अप्पा," मी म्हणालो. त्यांच्याशी मी आजवर कधी साडूंसारखं "हाव" म्हणालो नव्हतो. नेहमी "हो" म्हणायचो. स्कूटर वळवली. सगळ्या रस्त्यात तो हात तिथेच होता, आणि तो माझा नव्हता हे मला कळत होतं, तरी मी खांदा हलू दिला नाही.

घरी साडू काठी टेकत कसेबसे दारापर्यंत आले होते. "झाली का चक्कर, अप्पा?" त्यांनी मोठ्याने विचारलं. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, टोपी नीट केली आणि हात जोडले. "या जावईबापू, या. कधी आलात नांदेडाहून? बसा." मग माझ्याकडे वळून, "आरं, बगतोस काय? खुर्ची सरकव त्यांना."

मी खुर्ची सरकवली. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं. एखादा म्हणाला असता, अप्पा, अहो मी आहे. साडू म्हणाले नाहीत. प्लास्टरचा पाय सावरत ते त्या खुर्चीच्या अगदी टोकावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाले, "हो. आत्ताच आलो." प्रवास कसा झाला, अप्पांनी विचारलं. "ठीक झाला," साडू म्हणाले. बोलणं तिथेच आटपलं. मी चहाचं सांगायला आत गेलो, कारण घरच्या माणसाने ते करायचं असतं. दारातून मागे पाहिलं तर साडू जमिनीकडे बघत होते, आणि ते बघणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

रात्री जेवताना त्यांनी ताटात नाके मांडले नाहीत. कारल्याची भाजी कुठेही पडली तरी चालली. भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "खांद्यावर हात ठिवला का ओ?" मी हो म्हणालो. "ठिवतेत," ते म्हणाले, आणि मग भाकरीकडे बघत, "उद्या बी तुमीच न्या. थांबा की चार दिवस."

मी थांबलो आहे. नांदेडला बायकोला कळवलं, दुकानाच्या दारावर पाटी लावायला सांगितली. संध्याकाळी मी अप्पांना मागे बसवतो, ओढ्यापर्यंत जातो, वळतो, पुन्हा ओढ्यापर्यंत जातो, वळतो. परत आल्यावर साडू खुर्चीच्या टोकावर तयार बसलेले असतात. प्लास्टर निघायला अजून थोडे दिवस आहेत. साडूंचा पाय लवकर बरा होऊ दे, असं मी रोज सिद्धेश्वराला हात जोडून म्हणतो, फक्त म्हणताना फारसा जोर लावत नाही.